रकाने सरकतात, मंडळं गळतात: टेक्स्ट फाइलमधून निवडक माहिती काढणाऱ्या स्क्रिप्टचं निदान

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "स्क्रिप्टला कुणी हात लावला नाही, काल बरोबर चालली, आज मंडळाच्या रकान्यात तालुका येतोय." पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. सकाळी महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) पावसाची टेक्स्ट फाइल येते. तिच्यातून जिल्हा, तालुका, मंडळ आणि चोवीस तासांतला पाऊस एवढंच काढायचं असतं, आणि ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेली म्हणजे अतिवृष्टीची मंडळं वेगळी करायची असतात. काम दहा ओळींचं. पण एक रकाना सरकला की एखादं मंडळ यादीतून गळतं, आणि जे यादीतच नाही ते चुकलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पंचनाम्याची वेळ आली की मग शोधाशोध.

अशा वेळी बहुतेक जण आधी कोड बदलायला बसतात. कोडमधला रकान्याचा आकडा तीनचा चार केला की तेवढी ओळ दुरुस्त होते आणि बाकीच्या बिघडतात. दोष शंभरात नव्वद वेळा फाइलमध्ये असतो, म्हणून आधी फाइल तपासायची.

खाली पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि ऑक (ओळींतले रकाने वेगळे करणारी लिनक्सवरची कमांड) या दोन्हींचं लिहिलंय, कारण सर्व्हरवर ऑक आणि टेबलावरच्या विंडोजवर पायथन असाच कारभार बहुतेक ठिकाणी असतो. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती इंग्रजीत टंकायची. नमुन्याच्या ओळींतले पावसाचे आकडे समजावण्यापुरते आहेत, आणि ते प्रत्यक्ष फाइलमध्ये इंग्रजी आकड्यांत आहेत असं धरा. देवनागरी असतील तर काय होतं ते पुढे येईलच.

ओळ उघडी करून बघा

नोटपॅड किंवा एक्सेलमध्ये फाइल उघडून काही कळत नाही. टॅब आणि स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात, ओळीच्या शेवटी काय आहे ते दिसतच नाही. लिनक्सवाले लगेच कॅट कमांडला मोठ्या ए चा पर्याय लावतात. इंग्रजी फाइलला ते ठीक, पण मराठी अक्षरांचा ती प्रत्येक बाइट फोडून चिन्हांचा चिवडा दाखवते, त्यात टॅब शोधणं अवघड.

मराठीसाठी पायथनचं रेप्र हे फंक्शन जास्त कामाचं. फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगने (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीने) उघडा, न्यूलाइन हा पर्याय रिकाम्या अवतरणचिन्हांचा द्या, आणि पहिल्या पाच व शेवटच्या पाच ओळी रेप्रमधून छापा. न्यूलाइनचा पर्याय विसरू नका, नाहीतर विंडोजची ओळसमाप्ती पायथन परस्पर गिळतो आणि तुम्हाला दिसत नाही. रेप्रमध्ये मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि लपलेली मंडळी उघडी पडतात: टॅब असेल तर बॅकस्लॅश टी, विंडोजची ओळ असेल तर शेवटी बॅकस्लॅश आर, वेबपेजवरून चिकटवलेली न तुटणारी स्पेस असेल तर बॅकस्लॅशनंतर एक्सए०, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची अदृश्य खूण) असेल तर बॅकस्लॅशनंतर यूएफईएफएफ.

मग मोजणी. ऑकमध्ये एनएफ (दोन्ही अक्षरं मोठी) म्हणजे त्या ओळीतल्या रकान्यांची संख्या. प्रत्येक ओळीचा एनएफ छापा, तो सॉर्टमधून आणि पुढे युनिक कमांडच्या सी पर्यायातून न्या. पायथनमध्ये हेच काम कलेक्शन्समधला काउंटर करतो. फाइल धड असेल तर एकच आकडा येतो. तीन-चार वेगवेगळे आकडे आले तर निदान तिथेच सुरू होतं: शून्य रकान्यांच्या ओळी म्हणजे रिकाम्या, एक-दोन रकान्यांच्या म्हणजे शीर्षक किंवा "एकूण"ची ओळ, आणि अपेक्षेपेक्षा एक-दोन जास्त असलेल्या ओळी म्हणजे जवळजवळ नक्की जोडनावं, दोन शब्दांची नावं.

जोडनावांचा घोळ

आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास याचाच. या पाच ओळी बघा:

लातूर औसा किल्लारी ६८.५
लातूर शिरूर अनंतपाळ साकोळ ७२.०
बीड शिरूर कासार रायमोहा ४१.३
जालना घनसावंगी कुंभार पिंपळगाव ६६.०
छत्रपती संभाजीनगर कन्नड पिशोर ७०.५

स्पेसवर तोडलं तर पहिल्या ओळीचे चार तुकडे होतात, बाकी चारींचे पाच. चौथा रकाना म्हणजे पाऊस असं धरलं तर दुसऱ्या ओळीत "साकोळ" हा पाऊस होतो आणि तिसरीत "रायमोहा".

इथे पायथन आणि ऑक वेगळे वागतात. पायथनमध्ये "रायमोहा" या शब्दाला फ्लोटमध्ये (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये) घातलं की व्हॅल्यूएरर येऊन स्क्रिप्ट थांबते. चिडायला होतं, पण ते बरं. ऑक थांबत नाही. समोर आकडा नसून शब्द आहे म्हटल्यावर तो ६५ लाही शब्द समजतो आणि बाइट-बाइट तुलना करतो. देवनागरी अक्षराचा पहिला बाइट कुठल्याही इंग्रजी आकड्यापेक्षा मोठा असतो, म्हणून "रायमोहा" हे ६५ पेक्षा जास्त ठरतं. ४१.३ मिलिमीटरचं मंडळ गुपचूप अतिवृष्टीच्या यादीत जाऊन बसतं. चूक झाल्याचा संदेशसुद्धा येत नाही.

शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तालुक्याचा रकाना नुसता "शिरूर" होतो. शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात, शिरूर कासार बीडमध्ये. नुसत्या तालुक्याच्या नावावर बेरीज करणारी स्क्रिप्ट दोन जिल्ह्यांचा पाऊस एका ताटात वाढते.

जिल्ह्यांची नावं २०२३ साली बदलली तेव्हा अनेक जुन्या स्क्रिप्ट याच कारणाने मोडल्या. औरंगाबाद हा एक शब्द होता, छत्रपती संभाजीनगर हे दोन. त्या जिल्ह्याच्या सगळ्या ओळी एक घर उजवीकडे सरकल्या. धाराशिवचं उलट: शब्द एकच, म्हणून रकाने जागेवर राहिले, पण "उस्मानाबाद" शोधणारी गाळणी रिकामी परत यायला लागली. दोन्ही नावांसाठी एक छोटा तक्ता ठेवा, जुनं नाव आलं की नवं लावा. जुन्या वर्षांच्या फाइली कधीतरी पुन्हा चालवाव्या लागतातच.

उपाय, पसंतीच्या क्रमाने. पहिला: फाइल पाठवणाऱ्याकडून टॅब किंवा उभ्या रेघेने तोडलेली फाइल मागा. एक फोन करण्याचं काम आहे आणि पुढचे सगळे उपाय त्यापुढे फिके. टॅब मिळाला की ऑकला मोठ्या एफ चा पर्याय देऊन टॅब सांगा, पायथनच्या स्प्लिटला (ओळ तोडणाऱ्या फंक्शनला) कंसात टॅब द्या. कंस रिकामा ठेवलात तर स्प्लिट स्पेस, टॅब सगळ्यावर तोडतो, लागून आलेले दोन-तीन एकच धरतो, आणि मग मधला रिकामा रकाना नाहीसा होऊन पुढचे डावीकडे येतात. ऑकही विभाजक न सांगितल्यास असंच करतो.

दुसरा: रकान्यांमध्ये दोन किंवा जास्त स्पेस आणि नावाच्या आत एकच, अशी फाइल असेल तर विभाजक म्हणून "स्पेस, स्पेस, अधिकचं चिन्ह" द्या. ऑक त्याचा अर्थ दोन किंवा जास्त स्पेस असा घेतो. पायथनमध्ये यासाठी आरई मॉड्यूलचा स्प्लिट लागतो.

तिसरा, काहीच हाती नसेल तेव्हाचा: उजवीकडून मोजा. पाऊस कायम शेवटी असतो, म्हणून पायथनमध्ये आरस्प्लिट वापरून शेवटचा एकच तुकडा तोडा. ऑकमध्ये डॉलरपुढे एनएफ. उरलेल्या मजकुराच्या सुरुवातीला मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांपैकी कोणतं नाव आहे ते बघा, ते काढा, मग ७६ तालुक्यांच्या यादीशी जुळवा. जे उरेल ते मंडळ. जुळवताना लांब नावं आधी घ्या आणि नावापुढे स्पेस आहे याची खात्री करा. नाहीतर "लोहा" शोधताना "लोहारा" सापडतो. एक नांदेडचा, दुसरा धाराशिवचा. जिल्ह्यासकट जुळवलं तर हा धोका उरत नाही.

स्वल्पविराम आणि अवतरणं

सीएसव्ही फाइल म्हणजे "स्वल्पविरामावर तोडा", असं समजून स्प्लिट वापरणाऱ्यांची गाडी रकमेपाशी अडते. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. खरेदीच्या फाइलमध्ये ओळ अशी येते:

२४०,लातूर,सोयाबीन,२५.००,"४,८९२","१,२२,३००.००"

रकाने सहा, पण स्वल्पविरामावर तोडले की तुकडे नऊ. दर "४" होतो आणि रक्कम "८९२" पासून पुढे वाहत जाते. आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीत स्वल्पविराम जास्त, म्हणून घोळही जास्त, आणि रक्कम लाखाच्या वर गेली की तुकड्यांची संख्या आणखी बदलते. म्हणूनच "काही ओळी बरोबर, काही चूक" अशी तक्रार येते.

पायथनमध्ये सीएसव्ही मॉड्यूलच वापरा, त्यातही डिक्टरीडर: रकाना क्रमांकाने न घेता शीर्षकाच्या नावाने घेता येतो, त्यामुळे मध्येच कुणी नवा कॉलम घातला तरी फरक पडत नाही. रक्कम हाती आली की रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मगच आकड्यात बदला. ऑकवर असाल तर गॉक (ऑकची जीएनयू आवृत्ती) ५.३ पासून सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे. त्याआधीच्या गॉकमध्ये एफपॅट (रकाना कसा दिसतो त्याचा साचा) लिहून काम भागतं, पण एका रकान्यात दोन ओळींचा पत्ता असेल तर तेही हरतं. अवतरणांच्या आत ओळ मोडलेली असू शकते, म्हणून डिक्टरीडरला आख्खी फाइल द्या. ओळी आधी स्वतः तोडून मग एकेक देऊ नका.

अवतरणं नसताना रकमेत स्वल्पविराम असतील तर ती फाइल कुठल्याच मॉड्यूलने सरळ होणार नाही. परत पाठवा.

ठरावीक रुंदीच्या फाइली

जुन्या सॉफ्टवेअरचे अहवाल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी बनवलेले असतात, ८० किंवा १३२ अक्षरांच्या ओळीत. त्यांत विभाजक नसतो. तालुका २१ ते ३५ या जागांवर, मंडळ ३६ ते ५५ वर, असा हिशेब. पहिली चूक एकच्या फरकाची: पायथन शून्यापासून मोजतो आणि शेवटची जागा सोडतो, म्हणून २१ ते ३५ साठी २० ते ३५ असं लिहावं लागतं. ऑकच्या सबस्टरला सुरुवात २१ आणि लांबी १५ द्यायची.

इंग्रजी फाइल असेल तर विषय इथे संपला. मराठीत मात्र "अक्षर" म्हणजे नेमकं काय हेच ठरवावं लागतं. "शिरूर अनंतपाळ" हे नाव घ्या. डोळ्यांना मधली स्पेस धरून ९ अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने वेलांटी, उकार, काना, अनुस्वार वेगळे मोजले जातात, म्हणून १३. आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचं, म्हणून १२ गुणिले ३ अधिक स्पेसचा १, म्हणजे ३७ बाइट. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने रुंदी यांपैकी कशाने मोजली ते ओळखल्याशिवाय कापायला घेऊ नका.

ओळखायचं कसं? तीन-चार ओळी घ्या, ज्यांत नावं कमी-जास्त लांबीची आहेत. पायथनमध्ये प्रत्येक ओळीची लेन काढा. सगळ्यांची सारखी आली तर रुंदी युनिकोड चिन्हांत आहे, सरळ कापा. वेगवेगळी आली तर तीच फाइल आरबी पद्धतीने, म्हणजे बाइट म्हणून उघडा आणि पुन्हा मोजा. आता सारखी आली तर रुंदी बाइटमध्ये आहे: आधी बाइट कापा, मग तुकडा डिकोड करा. उलट क्रमाने केलंत तर मराठी नावानंतरचा प्रत्येक रकाना डावीकडे ओढला जातो. दोन्ही रीतींनी वेगवेगळी आली तर एक तर ओळीच्या शेवटच्या स्पेस कुणीतरी छाटल्यात, नाहीतर रुंदी डोळ्यांच्या हिशेबाने हाताने बसवली आहे, आणि तिथे कापाकापी करण्यापेक्षा दोन स्पेसवर तोडणं बरं.

बाइटमध्ये रुंदी असेल तर आणखी एक गंमत होते. तालुक्याला २० बाइट दिलेत असं धरा. "शिरूर" १५, स्पेस १, "अ" ३, झाले १९. विसावा बाइट "न" चा पहिला, आणि तिथेच रकाना संपतो. डिकोड करताना पायथन "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा" म्हणून थांबतो. फाइल बनवतानाच नाव कापलं गेलंय, तुमच्याकडून दुरुस्त होणार नाही. डिकोडला एरर्सचा पर्याय इग्नोर द्या आणि "शिरूर अ" ला तालुक्यांच्या तक्त्यातून पूर्ण नाव लावा. इग्नोर फक्त अशा कापलेल्या रकान्यापुरताच. आख्ख्या फाइलला लावलात तर खरा बिघाडही झाकला जाईल.

सर्व्हरवरचा ऑक कोणता हेही बघून घ्या. उबंटू आणि डेबियनवर सहसा मॉक (ऑकची आणखी एक आवृत्ती) येतो आणि तो बाइट मोजतो. गॉक यूटीएफ-८ लोकेलमध्ये (मशीनच्या भाषेच्या मांडणीत यूटीएफ-८ असेल तर) चिन्हं मोजतो. तीच स्क्रिप्ट एका मशीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक चालते त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. कट कमांडबद्दल दोन वाक्यं: तिचा सी पर्याय नावाला अक्षरांचा असला तरी बहुतेक ठिकाणी बाइटच कापतो, आणि रकाने "३,१" असे मागितले तरी ती १ आणि मग ३ असेच देते. क्रम बदलायचा असेल तर ऑक.

अशा अहवालांत दर पानाला शीर्षक, रेघ आणि फॉर्म फीडचं (नवं पान घ्यायला सांगणारं) चिन्ह पुन्हा पुन्हा येतं, कधी प्रिंटरला अक्षर बारीक करायला सांगणारे छुपे कोडही. ते कोड ओळीच्या सुरुवातीला असले तर त्या एका ओळीचे सगळे रकाने एक-दोन जागा सरकतात. नको त्या ओळी एकेक ओळखून वगळत बसू नका, यादी कधी संपत नाही. हव्या त्या ओळीची खूण ठरवा, उदाहरणार्थ "सुरुवातीला अनुक्रमांक आणि शेवटी दशांश आकडा", आणि तेवढ्याच घ्या.

एन्कोडिंग: संदेश वाचला तर उत्तर त्यातच असतं

पहिलाच रकाना सापडत नाही आणि पायथन कीएरर देतो, पण डोळ्यांना "जिल्हा" स्पष्ट दिसतोय: सुरुवातीला बीओएम आहे. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. बीओएम नसलेल्या फाइलीही त्याने नीट उघडतात, म्हणून कायमच तेच ठेवायला हरकत नाही.

"कॅन्ट डिकोड बाइट", पुढे एफएफ आणि जागा शून्य: फाइल यूटीएफ-१६ आहे. एक्सेलमधून "युनिकोड टेक्स्ट" म्हणून साठवली की अशी होते. एन्कोडिंग यूटीएफ-१६ द्या, विभाजक टॅब असेल.

संदेशात "चारमॅप" दिसलं तर तुम्ही एन्कोडिंग सांगितलंच नाही आणि विंडोजवर पायथनने जुनं सीपी-१२५२ धरलं. हा बिघाड लबाड आहे. "लातूर", "बीड", "औसा" ही नावं यात बिनतक्रार वाचली जातात, फक्त कचरा होऊन. "कुंभार पिंपळगाव" आलं की स्क्रिप्ट कोसळते, कारण ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांतला शेवटचा हेक्समध्ये ८१ आहे आणि त्या तक्त्यात ८१ ला जागाच नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, त्यालाही नाही, म्हणून जोडाक्षरावरही तेच. आजच्या फाइलमध्ये असा एकही शब्द पहिल्या काही ओळींत नसेल तर चाचणीत सगळं ठीक वाटतं. ओपन लिहिलं की एन्कोडिंग लिहायचंच, ही सवय लावून घ्या.

ऑकमध्ये शेवटचा रकाना जुळत नाही, किंवा त्याच्यानंतर छापलेला मजकूर ओळीच्या सुरुवातीवर चढतो: विंडोजचं बॅकस्लॅश आर. ऑकच्या पहिल्याच कृतीत सब वापरून ओळीच्या टोकाचं ते चिन्ह काढून टाका.

जुन्या फाँटमधल्या फाइली हा वेगळाच प्रकार. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी चिन्हं असतात. कृतिदेवात स्वल्पविराम म्हणजे "ए", अर्धविराम म्हणजे "य", उभी रेघ म्हणजे "द्य". अशी फाइल यांपैकी कशावरही तोडली की शब्दच मधून तुटतात. टॅबवर तोडा, आधी रकाने वेगळे करा, आणि मग फक्त मराठी रकानेच युनिकोडमध्ये बदला. आख्खी फाइल बदलणाऱ्या साधनात घातलीत तर आकडे आणि तारखांमधली चिन्हंही अक्षरं होऊन येतील.

आकडे दिसतात, पण आकडे नसतात

अतिवृष्टीच्या यादीत जिल्ह्यातलं झाडून सगळं आलं, किंवा एकही मंडळ आलं नाही, तर फाइलमध्ये आकडे देवनागरी आहेत. ऑकला "६८.५" हा शब्द वाटतो. थेट ६५ शी तुलना केली तर वर सांगितलेल्या बाइटच्या कारणाने प्रत्येक ओळ पास होते, कोरडं मंडळसुद्धा. रकान्यात शून्य मिळवून, म्हणजे "अधिक शून्य" करून, आकड्यात बदलायला गेलात तर सगळं शून्य होतं आणि एकही पास होत नाही. पायथनचा फ्लोट देवनागरी आकडे नीट वाचतो, तिथे काही करायला नको. ऑकच्या आधी सेड कमांडच्या वाय कृतीने दहाही आकडे बदलून घ्या. टीआर कमांड यासाठी वापरू नका, ती बाइटवर चालते आणि मराठी मजकूर विस्कटते.

पायथनमध्ये दुसरी चूक होते: फ्लोट करायचं राहून जातं आणि "१०८.५" या मजकुराची "६५" या मजकुराशी तुलना होते. मजकूर म्हणून १ हा ६ च्या आधी येतो, म्हणून १०८.५ लहान ठरतं. म्हणजे ६५ ते ९९ बरोबर येतात आणि शंभराच्या वरचा, सगळ्यात जोराचा पाऊसच गळतो. ऑकमध्ये रकान्याला "मिमी" चिकटलेलं असेल तर अगदी हेच घडतं. तिथे अधिक शून्य करा.

आकड्याच्या जागी "निरंक", आडवी रेघ किंवा काहीच नाही, हे तिन्ही येतं. निरंक म्हणजे पाऊस शून्य. रिकामं म्हणजे आकडा मिळालेला नाही. ऑक दोन्हीला शून्य करतो आणि सरासरी खाली येते. पायथनमध्ये निरंकाला शून्य, रिकाम्याला नन (पायथनमधलं "मूल्य नाही"), आणि रेघेचा अर्थ पाठवणाऱ्याला विचारून ठरवा.

नावांच्या तुलनेत अधूनमधून दिसायला एकसारखे शब्द जुळत नाहीत. "ऱ्या" टंकायच्या दोन रीती आहेत: एकीत ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. "ॲ" चंही तसंच, एकसंध किंवा अ वर चंद्र. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने हे दोन्ही सुटत नाहीत, स्वतः बदलून घ्यावे लागतात.

आणि फाइल "जरा बघायला" म्हणून एक्सेलमध्ये उघडून साठवू नका. गट क्रमांक १२/३ ची तारीख होते, खाते क्रमांकाची पुढची शून्यं उडतात, बारा किंवा जास्त अंकी क्रमांक ई अधिक अकरा अशा रूपात दिसतो आणि सीएसव्हीत तसाच साठवला जातो. त्यानंतर कुठलीही स्क्रिप्ट मूळ आकडा परत आणू शकत नाही. बघायचंच असेल तर डेटा मेनूतून फाइल आयात करा आणि ते रकाने टेक्स्ट ठरवा.

पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टमध्ये काय घालायचं

रकाने काढण्याआधी त्यांची संख्या तपासा. जुळली नाही तर ती ओळ दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका, ओळ क्रमांक आणि मूळ मजकुरासकट वेगळ्या "नाकारलेल्या" फाइलमध्ये टाका. जिल्हा आठच्या यादीत आहे का, तालुका त्या जिल्ह्याच्या यादीत आहे का, पाऊस ऋण तर नाही ना, एवढ्या तीन चाळण्या बस. सरकलेला रकाना बहुतेक वेळा यांतल्या एकीत तरी अडकतो.

शेवटी हिशेब छापा: वाचलेल्या नोंदींची संख्या म्हणजे घेतलेल्या अधिक नाकारलेल्या अधिक वगळलेल्या रिकाम्या व शीर्षकाच्या ओळी. बेरीज जुळली नाही किंवा एकही ओळ नाकारली गेली तर स्क्रिप्टने शून्याखेरीज वेगळा एक्झिट कोड द्यावा, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या क्रॉन किंवा टास्क शेड्यूलरला लावलेली असली तरी पुढची पायरी थांबते आणि अर्धवट यादी पुढे जात नाही. घेतलेल्या नोंदींची संख्या कालच्याशी ताडून बघा. मंडळं रोज तीच असतात, त्यामुळे आकडा बदलायचं कारण नाही.

नाकारलेली फाइल एकही ओळ नसली तरी रोज नव्याने, तारखेसह बनवा. रिकामी असेल तर सगळं घेतलं गेलं, आणि आजच्या तारखेची फाइलच नसेल तर स्क्रिप्ट चाललीच नाही.